कोलोनचा तट फोडणारे ‘लाल बेकर’

जर्मनीतल्या कोलोन शहराने १८७५ साली ज्यांना महापौर केले, त्यांनी याच शहरातल्या न्यायालयात राजद्रोहाच्या कटाबद्दल पाच वर्षांची शिक्षा ऐकली होती. खटल्यातल्या आरोपींमागचा मुख्य माणूस लंडनमध्ये होता आणि त्याचे नाव होते कार्ल मार्क्स. शिक्षा भोगून बाहेर आलेला हा कैदी पुढे प्रशियाच्या विधिमंडळात गेला, दोन शहरांचा महापौर झाला आणि राजाने नेमलेल्या सरदार-उमरावांच्या वरिष्ठ सभागृहातही बसला. कोलोनचा सातशे वर्षांचा तट त्यांच्याच कारकिर्दीत फोडला गेला. हेर्मान हाइनरिश बेकर हे त्यांचे नाव. ‘लाल बेकर’ हे टोपणनाव मात्र त्यांना महापौरपदाची साखळी गळ्यात पडल्यावरही सोडून गेले नाही.

बेकर यांचा जन्म १५ सप्टेंबर १८२० रोजी एल्बरफेल्ड येथे झाला. हे कापडगिरण्यांचे गाव आज वुपरटाल शहरात सामावले आहे. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. १८४८ च्या मार्चमध्ये जर्मन राज्यांत क्रांतीचा वणवा पेटला तेव्हा ते कोलोनमध्ये होते. तेव्हाचे कोलोन म्हणजे ऱ्हाइन प्रांतातल्या राजकारणाचे ऐन मैदान. प्रशियाच्या ताब्यात १८१५ साली आलेला हा प्रांत त्याआधी वीसेक वर्षे फ्रेंचांकडे होता. उघडे न्यायालय, ज्यूरीपुढे खटला, कायद्यापुढे समानता या गोष्टी इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या आणि बर्लिनहून येणारी हुकूमशाही त्यांना सोसवत नव्हती. मार्क्स १ जून १८४८ पासून इथूनच ‘नोये ऱ्हाइनिशे त्साइटुंग’ हे दैनिक काढत होते. प्रांतातल्या लोकशाहीवादी मंडळांची जी मध्यवर्ती समिती होती, तिच्यात मार्क्स आणि बेकर एकत्र काम करत.

१९ मे १८४९ रोजी मार्क्स यांच्या दैनिकाचा शेवटचा अंक लाल शाईत छापून निघाला. मार्क्स हद्दपार झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस बेकर यांनी ‘वेस्टडॉइचे त्साइटुंग’ हे स्वतःचे वर्तमानपत्र सुरू केले आणि जवळजवळ सव्वा वर्ष चालवले. क्रांती हरली होती, सैन्य सगळीकडे परत आले होते, संपादकांवर खटल्यांमागून खटले भरले जात होते. अशा काळात लोकशाहीचे पत्र रोज बाजारात आणणे हे मी त्यांच्या आयुष्यातल्या मोठ्या धैर्याच्या कामांत धरतो. १८५१ च्या वसंतात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी आज ग्रंथालयांच्या इतिहासात नोंदली गेली आहे. मार्क्स यांच्या विखुरलेल्या लेखांचा संग्रह छापायला त्यांनी घेतला आणि त्याचा पहिला भाग प्रसिद्धही केला. प्रकाशक म्हणून त्यावर नाव होते हेर्मान बेकर, कोलोन. पुढचा भाग निघालाच नाही, कारण काही आठवड्यांतच प्रकाशक तुरुंगात होता.

अटकसत्राची सुरुवात योगायोगाने झाली. १० मे १८५१ रोजी लाइपझिग येथे पेटर नोटयुंग नावाच्या शिंप्याला पोलिसांनी पकडले. तो ‘कम्युनिस्ट लीग’ या गुप्त संघटनेचा दूत होता आणि त्याच्याजवळ कागद सापडले. लंडनमध्ये संघटनेत फूट पडल्यानंतर तिची मध्यवर्ती समिती कोलोनला हलवण्यात आली होती. त्यामुळे कागदांचा माग कोलोनला पोहोचला आणि मेअखेरपर्यंत बेकरही गजाआड झाले. कवी फर्डिनांड फ्रायलिग्राट यांनी वेळीच लंडन गाठले म्हणून ते वाचले.

या खटल्यामागे राजाची स्वतःची इच्छा होती. प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने आधीच्याच नोव्हेंबरात पंतप्रधान मांटॉइफेल यांना पत्र लिहून सुचवले होते की, एखादा कट उघडकीला आल्याचे आणि त्याला शिक्षा झाल्याचे दृश्य जनतेला दिसायला हवे आणि या कामासाठी विल्हेल्म श्टीबर हा माणूस वापरावा. श्टीबर हा पोलीस अधिकारी. त्याने हस्तक लंडनला पाठवले, घरफोडी करवून फुटीर गटाची कागदपत्रे चोरून आणवली, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा मार्क्स यांच्या गटाच्या बैठकांचे म्हणून एक इतिवृत्ताचे बाडच न्यायालयात आणून ठेवले.

आरोपी अकरा होते. आरोप सिद्ध करण्याजोगा पुरावा नसल्याने खटला उभा राहायलाच जवळजवळ दीड वर्ष लागले आणि तोवर सगळे कोठडीत होते. ४ ऑक्टोबर १८५२ रोजी सुनावणी सुरू झाली. ते इतिवृत्त बनावट आहे हे सिद्ध करण्यासाठी लंडनमध्ये मार्क्स यांच्या दोन खोल्यांच्या घराचे अक्षरशः कचेरीत रूपांतर झाले. हस्ताक्षरांचे नमुने गोळा होत होते, नकला काढल्या जात होत्या आणि पोलिसांनी टपाल फोडू नये म्हणून पत्रे व्यापाऱ्यांच्या पत्त्यांवरून, आडवळणाने कोलोनच्या वकिलांकडे जात होती. घरात पैसे नव्हते, तरी हे काम थांबले नाही. अखेर सरकारी वकिलालाही त्या बाडाचा आधार सोडून द्यावा लागला. पण ज्यूरीत जमीनदार, धनाढ्य व्यापारी आणि सरकारी अधिकारी बसले होते. १२ नोव्हेंबरला निकाल लागला. तिघांना सहा वर्षे, तिघांना पाच, एकाला तीन, चौघे सुटले. पाच वर्षांच्या तिघांत बेकर होते.

निकालानंतर या माणसांच्या वाटा किती वेगळ्या झाल्या, हे पाहण्यासारखे आहे. डॉक्टर रोलांड डानिएल्स निर्दोष सुटले, पण कोठडीतच क्षयाने त्यांना धरले होते; १८५५ मध्ये ते गेले. आब्राहाम याकोबी हेही डॉक्टर. ते सुटून अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये बालरोगशास्त्राचा पाया घालणारे म्हणून आज वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव आहे. हाइनरिश ब्युर्गर्स सहा वर्षे भोगून परतले आणि उदारमतवादी पक्षातर्फे संसदेत निवडून आले. कम्युनिस्ट लीग निकालानंतर लगेच बरखास्त झाली आणि मार्क्स यांनी या खटल्याचा पंचनामा करणारी पुस्तिका लिहिली. ती बाझेलला छापली गेली, पण बहुतेक प्रती सीमेवरच जप्त झाल्या.

बेकर यांना दूर पूर्वेला, डान्झिगजवळच्या वाइक्सेलम्युंडे किल्ल्यात ठेवले. तिथून १८५७ मध्ये सुटल्यावर ते डॉर्टमुंडला आले. डॉर्टमुंड त्या वेळी कोळसा आणि लोखंड यांच्या जोरावर वाढू लागलेले गाव होते. क्रांतीच्या दहा वर्षांनी प्रशियातले वारे थोडे बदलले होते. राजाची प्रकृती ढासळल्याने भाऊ विल्हेल्म कारभार पाहू लागला, सेन्सॉरची पकड सैल झाली. ६ जून १८६१ रोजी ‘जर्मन प्रगती पक्ष’ स्थापन झाला. संविधानाप्रमाणे चालणारे सरकार, मंत्र्यांची कायदेशीर जबाबदारी आणि एकसंध जर्मनी ही त्याची मागणी होती. १८४८ मध्ये हरलेले अनेक जण आता या पक्षाच्या छत्राखाली जमले. बेकर त्यांच्यापैकीच. १८६२ मध्ये डॉर्टमुंडच्या मतदारांनी त्यांना प्रशियाच्या विधिमंडळात पाठवले.

त्याच वर्षी सप्टेंबरात बिस्मार्क पंतप्रधान झाले. सैन्यवाढीसाठीचा खर्च विधिमंडळ मंजूर करीना आणि बिस्मार्क मंजुरीशिवाय कर गोळा करून खर्च करीत राहिले. चार वर्षे चाललेल्या या संघर्षात बेकर विरोधी बाकांवर होते. १८६६ मध्ये प्रशियाने ऑस्ट्रियाला हरवले आणि उदारमतवादी दुभंगले. एक गट बिस्मार्क यांच्याकडे वळला व पुढे ‘राष्ट्रीय उदारमतवादी’ झाला. बेकर प्रगती पक्षातच राहिले. १८६७ पासून उत्तर जर्मन संघाच्या आणि साम्राज्य झाल्यावर १८७४ पर्यंत जर्मनीच्या संसदेतही ते डॉर्टमुंडचे प्रतिनिधी होते. जुन्या कैद्याने सत्तेपुढे लगेच मान तुकवली, असे त्यांच्याबद्दल म्हणता येत नाही, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

१८७० मध्ये डॉर्टमुंडने त्यांना महापौर निवडले. जर्मन महापौर म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे, नाहीतर पुढचे काम समजणार नाही. आपल्याकडे महापौर सभा चालवतो आणि कारभार आयुक्ताच्या हाती असतो. प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतात या दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे होत्या. नगरसभा त्याला बारा वर्षांसाठी निवडत असे. तो पगारी, पूर्णवेळ आणि बहुधा कायदा शिकलेला असे. बांधकाम, शाळा, पाणी, गॅस, गरिबांना मदत, शहराची तिजोरी या सगळ्यावर त्याची नजर असे. पण नगरसभेने निवडले तरी राजाची मंजुरी मिळाल्याशिवाय त्याला खुर्चीवर बसता येत नसे आणि बिस्मार्कशी संघर्षाच्या काळात सरकारने नको असलेल्या उदारमतवादी महापौरांना ही मंजुरी नाकारलीही होती. बेकर यांना ती मिळाली. ज्या राजघराण्याच्या नावाने त्यांना शिक्षा झाली होती, त्याच घराण्याच्या राजाने मंजुरी दिली. १८७२ मध्ये ते वरिष्ठ सभागृहाचे सदस्यही झाले. मोठ्या शहरांना तिथे आपला माणूस सुचवण्याचा अधिकार होता. त्याच वर्षी डॉर्टमुंडला रूर नदीचे पाणी पुरवणारे जलकेंद्र सुरू झाले. धुराड्यांनी वेढलेल्या, विहिरी नासलेल्या गावाला शुद्ध पाणी मिळणे म्हणजे काय, ते त्या काळातल्या पटकीच्या साथी आठवल्या की कळते.

बेकर यांचे उदाहरण अपवाद नव्हते. योहानेस मिकेल हेही तरुणपणी कम्युनिस्ट लीगमध्ये होते आणि मार्क्सशी त्यांचा पत्रव्यवहार होता. ते ओस्नाब्रुकचे आणि १८८० ते १८९० या काळात फ्रँकफुर्टचे महापौर झाले व पुढे प्रशियाचे अर्थमंत्री म्हणून त्यांनी आयकराची नवी पद्धत बसवली. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन उदारमतवादाची खरी कमाई संसदेत शोधू नये, ती शहरांत शोधावी. बर्लिनमध्ये मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार नव्हते. कितीही बहुमत असले तरी सरकार पाडता येत नव्हते. नगरपालिकेत मात्र ठराव केला की रस्ता होत होता. ज्यांना राष्ट्राचे सरकार चालवायला मिळाले नाही, त्यांनी नळ, गटारे, शाळा आणि बागा उभ्या केल्या.

यातली काळी बाजूही सांगितलीच पाहिजे. प्रशियातली नगरसभा त्रिवर्गीय मतदानाने निवडली जाई. शहरात गोळा होणाऱ्या एकूण कराचे तीन समान भाग करायचे; पहिला भाग भरणारे मोजके श्रीमंत एक तृतीयांश नगरसेवक निवडणार, दुसरा भाग भरणारा मध्यमवर्ग दुसरा तृतीयांश, आणि उरलेल्या मोठ्या जनसमूहाला तिसरा. मत उघड द्यायचे, म्हणजे मालकाला आणि घरमालकाला ते ऐकू येणार. पुष्कळ कामगार कर इतका थोडा भरत की त्यांना मतच नसे. कोलोनची बहुसंख्य जनता कॅथलिक होती आणि तिचा कल ‘सेंट्रम’ या कॅथलिक पक्षाकडे होता, तरी नगरसभेत उदारमतवाद्यांचा वरचष्मा टिकला तो या पद्धतीमुळे. सर्वांना मताधिकार हवा म्हणून १८४८ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या पिढीतला माणूस तीस वर्षांनी अशा सभेच्या बळावर महापौर होता. त्यांच्या कामाचे मोल करताना हे विसरून चालणार नाही.

१८७५ मध्ये बेकर कोलोनला आले तेव्हा शहर धर्माच्या प्रश्नावरून दुखावलेले होते. बिस्मार्क यांनी कॅथलिक चर्चवर कायदे लादले होते. आर्चबिशप पाउलुस मेल्खर्स तुरुंगात जाऊन आले होते आणि त्याच वर्षाअखेर ते नेदरलँड्सला निघून गेले. याच ताणात १५ ऑक्टोबर १८८० रोजी कोलोनच्या कॅथेड्रलच्या पूर्ततेचा सोहळा झाला. १२४८ मध्ये पाया घातलेले, सोळाव्या शतकात अर्धवट सोडलेले आणि १८४२ मध्ये पुन्हा हाती घेतलेले हे मंदिर अखेर १५७ मीटर उंचीच्या जोडशिखरांसह पुरे झाले. सम्राट पहिला विल्हेल्म आला. आर्चबिशप परदेशी होता आणि श्रद्धाळू कॅथलिकांनी समारंभापासून अंतर राखले. शहराचे महापौर होते बेकर. हाच विल्हेल्म १८४९ मध्ये राजपुत्र असताना बाडेनमधला शेवटचा लोकशाही उठाव चिरडणाऱ्या फौजेचा सेनापती होता.

कॅथेड्रल पुरे झाले खरे, पण त्याच्याभोवतीच्या शहराचा श्वास कोंडला होता. कोलोनचा अर्धवर्तुळाकार तट ११८० च्या सुमारास बांधायला घेतलेला. मध्ययुगात तो सबंध जर्मन प्रदेशातल्या मोठ्या शहरतटांपैकी होता आणि आतल्या चारशे हेक्टरांत मळे, द्राक्षबागा, मठ आरामात मावत. एकोणिसाव्या शतकात त्याच चारशे हेक्टरांत मळे संपले, बागांवर घरे उठली आणि १८८० च्या शिरगणतीत जवळजवळ १ लाख ४५ हजार माणसे मोजली गेली. प्रशियाने शहराचा किल्ला करून टाकला होता. तटाबाहेर पुढच्या बुरुजांची रांग होती आणि तोफांना मोकळी जागा हवी म्हणून तिच्याभोवतीच्या पट्ट्यात पक्के बांधकाम करायला बंदी होती. वेळ पडल्यास पटकन पाडता येईल एवढीच हलकी शेड चालत असे. कारखाने त्यापलीकडे गेले. एरेनफेल्ड, नदीपारचे डॉइट्झ आणि काल्क ही गावे वाढली आणि त्यांचा कर कोलोनला मिळेना.

तट पाडू द्या, ही मागणी बेकर येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. लष्कर आधी नको म्हणे, मग भरमसाट किंमत सांगे. १८७०-७१ च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धाने चित्र पालटले. नव्या लांब पल्ल्याच्या तोफांपुढे जुना तट निरुपयोगी ठरला आणि १८७३ पासून लष्कराने शहरापासून कित्येक किलोमीटर दूर बारा मोठ्या किल्ल्यांचे नवे कडे बांधायला घेतले. जुनी जमीन आता विकता येण्याजोगी झाली. वाटाघाटी वर्षानुवर्षे लांबल्या आणि १८८१ मध्ये करार झाला. शहराने तट आणि त्याबाहेरची लष्करी जमीन जवळजवळ १ कोटी २० लाख मार्कांना विकत घेतली.

इथे थोडे थांबून व्हिएन्नाकडे पाहू. तिथला प्रसिद्ध वर्तुळरस्ता १८५७ मध्ये सम्राटाने तट पाडण्याचा हुकूम काढल्यामुळे झाला. कोलोनच्या नागरिकांना स्वतःच्याच पूर्वजांनी बांधलेला तट सरकारकडून पैसे मोजून घ्यावा लागला. ही रक्कम फेडायची कशी? आखलेले भूखंड खासगी बांधकामासाठी विकून. म्हणजे जमीन विकली गेली नाही तर शहर कर्जात बुडणार, आणि घाईने स्वस्तात विकली तर नवे शहर बकाल होणार. साठी गाठलेल्या बेकर यांनी हा जुगार नगरसभेच्या पाठिंब्याने घेतला.

११ जून १८८१ रोजी गेरेऑन दरवाजाजवळ तटाला पहिले भगदाड पाडण्यात आले. बेकर बोलले. शहर मोठे व्हावे म्हणून पूर्वजांना जे बांधावे लागले, तेच शहर लहान होऊन बसू नये म्हणून आज आपल्याला उडवून द्यावे लागत आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कोलोनच्या इतिहासाच्या पुस्तकांत हे वाक्य आजही सापडते.

नव्या शहराचा आराखडा आखेनच्या दोन वास्तुकारांचा होता, योझेफ श्ट्युबेन आणि कार्ल हेन्रिची. १८८० ची स्पर्धा त्यांनी जिंकली होती. श्ट्युबेन मग कोलोनचेच नगर-वास्तुकार झाले. त्यांची अडचण मोठी होती. जुना तट गेला तरी लष्कराने कोलोनला मोकळे सोडले नव्हते. नव्या वस्तीच्या पलीकडे, सहाशे मीटरांच्या आसपास अंतरावर, दुसरा तटबंदीचा पट्टा उभा राहत होता. दोन अर्धवर्तुळांच्या मधल्या फाकेत त्यांना शहर बसवायचे होते. त्यांनी वर्तुळरस्ता एकसुरी केला नाही; त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी रुंदी, वेगळी झाडे, वेगळे चौक दिले. दक्षिणेकडून चालू लागले की नावे इतिहासाच्या क्रमाने येतात: रोमन काळातल्या उबिअर जमातीचा रस्ता, मग कारोलिंगर, सॅक्सन, सालिअर, होहेनश्टाउफेन, हाब्सबुर्ग, होहेनत्सोलर्न ही राजघराणी, मग कैसर विल्हेल्म आणि पुढे हान्झा. या कामाच्या अनुभवातून श्ट्युबेन यांनी १८९० मध्ये नगररचनेवरचा जो ग्रंथ लिहिला, तो युरोपभर या विषयाचा पायाभूत ग्रंथ मानला गेला.

तटासोबत जे गेले त्याची हळहळही वाटते. मध्ययुगीन कोलोनचा हा सर्वांत मोठा अवशेष होता. वेशीच्या दरवाजांपैकी आयगेलश्टाइन, हानेन आणि सेव्हेरिन हे तीन उभे राहिले, त्याशिवाय तटाचे काही तुकडे आणि नदीकाठचा बायेन बुरूज. बाकीचे दगड गेले. शहराचे क्षेत्र मात्र जवळजवळ दुप्पट झाले आणि ज्यांना दोन खोल्यांत आठ-दहा माणसे कोंबून राहावे लागत होते त्यांच्या शहराला हवा मिळाली.

बेकर यांना पुरा झालेला वर्तुळरस्ता पाहायला मिळाला नाही. ९ डिसेंबर १८८५ रोजी, बारा वर्षांची मुदत संपण्याआधीच, पदावर असताना त्यांचे निधन झाले. रस्त्याचे उद्घाटन त्यानंतर सहा महिन्यांनी, जून १८८६ मध्ये झाले. तोवर नवे महापौर आले होते आणि त्यांचेही आडनाव बेकर. नात्याचे नव्हेत, ड्युसेलडॉर्फहून आलेले विल्हेल्म बेकर. लोकांनी त्यांना ‘लांब बेकर’ म्हणायला सुरुवात केली. १८८८ मध्ये एरेनफेल्ड, डॉइट्झ आणि शेजारची गावे शहरात आली आणि १८९० च्या शिरगणतीत कोलोनची लोकसंख्या २ लाख ८१ हजारांवर गेली. नव्या शहराबाहेर लष्कराने बांधलेला दुसरा पट्टाही फार टिकला नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने कोलोनचे सगळे किल्ले मोडायला लावले, तेव्हा कॉनराड आडेनावर महापौर होते. त्यांनी ती जमीन बिल्डरांच्या हाती जाऊ न देता शहराभोवती बागांचे दोन पट्टे केले. कोलोनकर आजही तिथे संध्याकाळी फिरायला जातात.